जुना दगड, दुप्पट दर

प्रिय ताई,

पाकीट जाडजूड आहे म्हणून दचकू नकोस. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तेरा वर्षांत मी तुला ओळभर लिहिलं नाही, कुणाच्या लग्नात भेटलो तरी हवापाण्याच्या गप्पा मारून आपापल्या खुर्चीकडे वळलो, आणि आज एकदम एवढं पत्र म्हणजे तू घाबरणारच. फोन करता आला असता. पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि माझी गाडी रुळावरून घसरते. शिवाय या वेळी तुला मला मधेच थांबवता येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. तेव्हा चष्मा लाव, पाय उशीवर घे आणि सावकाश वाच. गुडघे कसे आहेत? भाचा सांगत होता की ऑपरेशननंतर तू जिने चढायला लागलीस, आणि डॉक्टरांनी एक मजला सांगितला तर तू दोन चढलीस. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तुला सांगितलेल्या कामापेक्षा जास्त काम करायची खोड आजची नाही.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत एक पत्र आलं. एका इमारतीची वर्षभराची साफसफाई आहे, जागा बघून दर कळवा. असली पत्रं माझ्याकडे आठवड्याला चार येतात. चहा पीत पीत पत्ता वाचला आणि कप तसाच खाली ठेवला. पाणीपुरवठ्याची जुनी कचेरी. तू निवृत्त झाल्यापासून तिथे तुझ्या हाताखालच्या दोघी बायकाच काम बघत होत्या, आता नव्या समितीला सगळं एका कंपनीकडे सोपवायचं आहे. इथवर ठीक होतं. पण खाली लिहिलं होतं की मोठ्या हॉलसाठी दोन दर द्या, एक दगडी फरशी आहे तशी ठेवली तर आणि दुसरा तिच्यावर कार्पेट घातलं तर. ज्याचा खर्च कमी, ते करू. म्हणजे ताई, तू उघडी केलेली फरशी राहणार की झाकली जाणार, हे माझ्या आकड्यावर ठरणार होतं. असलं कार्पेट नुसतं अंथरत नाहीत, खाली गोंद फासून चिकटवतात. तो गोंद दगडात एकदा मुरला की तुझी सगळी वर्षं त्याच्याखाली गेली. साहेबांनी फाईल माझ्याकडेच सरकवली, कारण जागा बघून खर्च सांगण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही असा कंपनीत समज आहे. तो हात कुणी घडवला, हे त्यांना ठाऊक नाही.

तुला आपल्या दोघींच्या साफसफाईच्या धंद्यातलं पहिलं काम आठवतं? शिवणकामाच्या कारखान्याचं? मी नवीकोरी टेप घेऊन ऐटीत लांबी-रुंदी घेतली, गुणाकार केला आणि दर सांगून मोकळी झाले. जागा ती केवढीशी! आणि तिथे तीस मशिनं, प्रत्येक मशिनाच्या पायाला दोऱ्यांची गुंतवळ. एका तासाचं काम म्हणून गेलेल्या आपण दोघी चार तासांनी बाहेर पडलो तेव्हा माझ्या केसांतसुद्धा दोरे होते. मी रडकुंडीला आले होते आणि तू पोट धरून हसत होतीस. जागा मोजू नकोस, पाय मोज, असं तू म्हणालीस. खुर्च्यांचे पाय, टेबलांचे पाय, आणि सगळ्यात आधी माणसांचे पाय. त्या दिवसापासून तू मला मोजपट्टी म्हणायला लागलीस, ते नाव माझ्या सासरपर्यंत पोचलं.

मग हळूहळू तुझं एकेक शहाणपण कळत गेलं. कुठल्याही जागेत शिरल्यावर तू आधी नळ कुठे आहे ते विचारायचीस. लोकांना वाटायचं बाईला तहान लागली आहे. पण नळ दोन मजले खाली असला तर निम्मा वेळ बादल्या वाहण्यातच जातो, हे क्षेत्रफळावरून कसं कळणार? संडास किती यापेक्षा ते किती जण वापरतात हे विचारायचीस. कुलूप कुणाकडे, आणि ते किती वाजता उघडतात, कारण सगळे गेल्यावर दोनच तास मिळणार असतील तर चार बायका लावाव्या लागतात, आणि दिवसभर मोकळीक असली तर त्याच कामाला दोघी पुरतात. काचा किती यापेक्षा शिडीवरून हात कुठवर पोचतो ते बघायचीस. रोज पुसलं तर स्वस्त पडतं आणि आठवड्यातून एकदा पुसलं तर महाग, हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता तुझ्या तोंडाला फेस यायचा. आणि तुझं सगळ्यात लाडकं वाक्य, की दर महिन्याला नवी बाई ठेवणारा मालक साबणात काटकसर करून कधीच सावरत नाही, कारण जुन्या बाईला कोपरे ठाऊक असतात. मी आज कंपनीत नव्या मुलामुलींना हेच शिकवते आणि ते वहीत उतरवून घेतात. श्रेय मला मिळतं.

आता त्या हॉलकडे येते. ते काम चालून आलं तेव्हा तू तापानं फणफणली होतीस, म्हणून जागा बघायला मी एकटी गेले. करडी फरशी, उंच छत, बिलं भरायच्या खिडक्या आणि वर भिंतीलगत लोखंडी सज्जा. मी मापं घेतली आणि परत आले. दोन दिवसांनी करार झाला, आणि तुझ्या उशाशी बसून मी सांगितलं की हॉलच्या मधोमध कुणीतरी तळहाताएवढी जागा घासून पांढरी केली आहे, ते तिथली कुलपं सांभाळणाऱ्या चावीवाल्यांचंच काम असणार, आणि तो डाग आता सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो, म्हणून तिथले साहेब अडून बसले आहेत की काम घेणाऱ्यानं त्याच दरात सगळी फरशी त्या रंगाची करून द्यायची. तू डोळे मिटूनच ऐकलंस. मी हो म्हणून सही केल्याचं सांगितलं तेव्हा एकदा डोळे उघडलेस, बस्स.

ती फरशी करडी नव्हतीच. आधीच्या प्रत्येक साफसफाईवाल्यानं चमक यावी म्हणून मळावरच मेण फासलं होतं. मळ, मेण, परत मळ, परत मेण, असे कित्येक वर्षांचे थर. सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं तासभर ठेवायचं, मग लाकडी पट्टीनं थर खरवडायचा, दगडाला ओरखडा न काढता. रोजचं काम उरकल्यावर तू एकटी गुडघ्यांवर बसायचीस. मंगळवारी एक फरशी, शुक्रवारी एक. हॉलमध्ये आठशे चौसष्ट फरश्या. मी हिशेब मांडून दाखवला की हे संपायला आठ वर्षांवर लागतील आणि यातून छदामसुद्धा सुटणार नाही, हा आतबट्ट्याचा धंदा आहे, सोड. तू फडकं पिळत राहिलीस. घाण काढायला घेतली की अर्ध्यात सोडायची नसते, नाहीतर उरलेली अर्धी जन्मभर आपल्याकडे बघत राहते, एवढंच म्हणालीस. मला तुझा इतका राग आला की आठव्या महिन्यात मी मोठ्या कंपनीत नोकरी धरली. जाताना काय काय बोलले ते तुला पाठ असेल, मलाही आहे, इथे परत लिहीत नाही.

नव्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात मला दरांचा तक्ता करायला सांगितला. कार्पेट इतकं, लाकूड इतकं, साधी फरशी इतकी. त्यात मी एक ओळ घातली, 'जुना दगड, दुप्पट'. कुठे मोजून नाही काढली ती ओळ. तुझी गुडघ्यांवर वाकलेली पाठ डोळ्यांसमोर आली, म्हणून दुप्पट. तेरा वर्षं तो तक्ता जसाच्या तसा वापरात आहे. आणि या महिन्यात त्याच ओळीनं हॉलचा दर काढायचा होता. तक्त्याप्रमाणे गेले असते तर कार्पेट आरामात स्वस्त ठरत होतं.

मी तिथे गेले ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला. बंद जागा बघून दर देऊ नये, हा तुझाच नियम. दारात पाऊल टाकलं आणि आधी जागा चुकल्यासारखं वाटलं, कारण हॉल उजळ होता. मला आठवत होती ती जागा दिवसासुद्धा दिवे लावलेली. पण गर्दी इतकी होती की खाली नुसते पाय दिसत होते, आणि पायांच्या मधून कुठे पिवळसर दगड, कुठे हिरवी रेघ. चावीवाले आता पार वाकले आहेत, कमरेचा जुडगा मात्र तोच. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी नजर चुकवली तर त्यांनी विचारपूस केली, पाणी आणून दिलं, आणि वर चला म्हणाले, खालून काही कळायचं नाही. लोखंडी जिना, बत्तीस पायऱ्या, मधे एक वळण. मोजल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही हे तू जाणतेस.

सज्ज्यात उभी राहून मी दोन तास माणसं मोजली, किती आली, कुठून गेली, कुठे थांबली. एक वाजता खिडक्या बंद झाल्या आणि रांग पांगली. ताई, खाली नदी होती. दाराजवळच्या भिंतीपाशी निळ्या दगडाची बोटभर रेघ उगवते, दोन फरश्यांवर वळते, तिला डावीकडून एक ओहोळ मिळतो, मग उजवीकडून दुसरा, आणि बघता बघता ती हॉलच्या मध्यावर इतकी रुंद होते की मला कठडा धरावा लागला. निळ्यात हिरवं, हिरव्यात पांढरं, काठाला लव्हाळी, मासे, एक कासव, आणि एका वळणावर पाणी पिणारं हरण, ज्याच्या जिभेचा दगड लालसर आहे. आणि शेवटी सगळं पाणी पसरत पसरत जिथे पोचतं ती म्हणजे बिल भरायची खिडकी. ज्यानं कुणी हे केलं त्याला विनोदाचं अंग होतं! मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. मी आयुष्यभर फरश्याच बघितल्या, हजारो इमारती पायांखालून गेल्या, पण कुठल्याही जागेपुढे मी अशी थबकले नव्हते.  वहीत त्या पानावर एकही आकडा नाही. वेळ लिहायची राहिली, हवामान लिहायचं राहिलं, पेन हातात होतं एवढं आठवतं.

खाली एक बाई पोराचा हात धरून आली. पोरगं अरुंद ओहोळापाशी थांबलं आणि उडी मारून पलीकडे गेलं. आई त्याच्या मागून चालत गेली, आणि तिनंसुद्धा नकळत पाऊल लांब टाकलं. चावीवाले म्हणाले, सगळे असंच करतात, रांगसुद्धा काठाकाठानं लागते, कुणी सांगितलेलं नाही. मग ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले की ताईंनी मात्र हे कधी बघितलं नाही. मला आधी समजलंच नाही. ते म्हणाले, शेवटची फरशी झाली तोवर त्यांच्यानं जिना चढवेना. दोनदा निघाल्या, चौथ्या पायरीवरून खाली आल्या. म्हणाल्या, राहू द्या, मी मासा न् मासा ओळखते. ताई, आठ वर्षं तू त्या नदीच्या वीतभर वर होतीस. एकेक दगड तुझ्या हाताखालून गेला, आणि ती नदी आहे हे तुला लोकांनी येऊन सांगितलं.  धंद्याची सगळी वर्षं मी विचारत आले की काम किती तासांचं, किती माणसांचं, किती पाण्याचं. एखादं माणूस आपण काय उघडतोय ते न दिसतासुद्धा आठ वर्षं उघडत राहतं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं असतं ते मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही.

पण दर तर द्यायचा होता. मी तीन दिवस त्या हॉलमध्ये ठाण मांडून बसले, घड्याळ लावून तुझ्या दोघी बायकांचं काम बघितलं आणि थक्क झाले. तू दारापासून आत बारा पावलं लांब पायपुसणं घातलं आहेस. बारा पावलं चालेपर्यंत माणसाच्या तळव्यांची धूळ तिथेच राहते, हॉलपर्यंत येतच नाही. आधी कोरडं, मग ओलं, आणि पाणी गढूळ व्हायच्या आत बदलायचं. नळ तू पाठपुरावा करून हॉलच्या मागच्या बोळात आणवलास. मेण बंद. दोघी बायका नऊ वर्षं तिथेच आहेत, त्यांना प्रत्येक कोपरा पाठ आहे, त्या बोलत बोलत काम करतात आणि पावणेदोन तासांत हॉल लख्ख असतो. साध्या फरशीला माझ्या तक्त्यात याहून जास्त वेळ आहे! उलट कार्पेटला रोज मशिन फिरवा, दर तिमाहीला धुवा, वाळवायला दोन दिवस हॉल बंद ठेवा, आणि सात-आठ वर्षांनी उखडून नवं घाला. ते खर्च कोटेशनमध्ये सहसा कुणी लिहीत नाही, कारण पहिल्या वर्षी ते दिसत नाहीत. मी सगळे लिहिले. दगड स्वस्त पडत होता, आणि थोडाथोडका नाही.

अडचण एवढीच होती की कंपनीचा तक्ता दुप्पट म्हणत होता. तक्त्यातली ओळ बदलायची तर समोरच्या रकान्यात कारण लिहावं लागतं, आणि ते साहेब वाचतात, आणि कोटेशनसोबत गिऱ्हाइकाकडे जातं. मी त्या रिकाम्या रकान्याकडे अर्धा दिवस बघत बसले. 'नव्याने मोजणी केली' एवढं लिहून सुटता आलं असतं. पण समितीच्या अध्यक्ष बाई खमक्या आहेत, तेरा वर्षं दुप्पट म्हणणारी कंपनी आज निम्म्यानं कसं करते, असा प्रश्न त्यांनी सगळ्यात आधी विचारला असता. शेवटी मी खरं लिहिलं. 'हा आकडा मी मोजून काढला नव्हता. या हॉलमध्ये माझ्या हातून झालेल्या चुकीच्या भीतीनं तो लिहिला होता. ती चूक ज्या व्यक्तीनं निस्तरली तिच्या पद्धतीनं काम केल्यास दगडाला निम्मा वेळ लागतो.' साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्यांचा राग आला नाही. माझ्या एका ओळीमुळे या तेरा वर्षांत किती इमारतींमध्ये दगडावर गोंद फासला गेला असेल, ते मोजायची माझी हिंमत नाही. मोजपट्टी असूनसुद्धा नाही. समितीची बैठक काल झाली. बाईंनी सगळ्यांना सज्ज्यात नेलं आणि माझं कारण तिथे उभ्या उभ्या वाचून दाखवलं. फरशी राहणार आहे. कार्पेट रद्द. तुझ्या दोघी बायकाही राहणार, तशी अटच घातली आहे त्यांनी.

आता ते, ज्यासाठी हे पत्र. तो डाग मी पाडला होता, ताई. आपली कर्तबगारी कचेरीच्या साहेबांना दिसावी म्हणून. नवी पावडर दाराआडच्या कोपऱ्यात घासून बघावी, हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस, पण मधोमध उजेड चांगला होता आणि मी भांड्यांची खरखरीत पावडर घेऊन तिथेच बसले. घाण पुसता येते, स्वच्छ झालेली जागा परत घाण करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. साहेब ओरडत आले तेव्हा मी चावीवाल्यांकडे बोट दाखवलं, आणि त्यांना वर्षभर मागच्या फाटकावर उन्हात बसवलं गेलं. परवा मी त्यांचे पाय धरायला वाकले तर ते मागे सरले आणि मला हॉलच्या मध्यावर घेऊन गेले. तिथे एका माशाच्या पोटावर बारीक ओरखडे आहेत, गोल गोल, उलट्या दिशेनं फिरलेले. माझ्या डाव्या हाताचे. ते म्हणाले, ताईंनी पहिल्याच आठवड्यात बघितले आणि म्हणाल्या, हा आमच्या घरातला हात आहे, तुमची मी माफी मागते, पण तिला काही बोलू नका, ती आपण होऊन येईल. पुढे फरशी घासणारा एक मशिनवाला ते ओरखडे फुकट घालवून देत होता तर तू त्याला हात लावू दिला नाहीस म्हणे. असू देत, ती आली की तिला सापडायला हवेत, असं म्हणालीस. सापडले, ताई. तेरा वर्षं तू माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतीस आणि तुला सगळं ठाऊक होतं. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही, मला मोजता येतं, म्हणून मोजून ठेवलं आहे. रविवारी कचेरी बंद असते, मी गाडी घेऊन सकाळी नऊला तुझ्या दारात येते. जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत, कठडा दोन्ही बाजूंना आहे, आणि सोळाव्या पायरीपाशी वळणावर चावीवाल्यांनी तुला बसायला खुर्ची ठेवली आहे.

तुझीच,
मोजपट्टी